लेकरू चावते, डोके आपटते. शिक्षेआधी चौकशी तर करा!

वाह्यात, हट्टी, आईने लाडावलेले, बाहेरचे लागलेले, अंगात सैतान शिरलेले. तीन-चार वर्षांचे एखादे लेकरू भिंतीवर डोके आपटू लागले, स्वतःच्याच मनगटाला चावू लागले, शेजारच्या पोराचे केस उपटू लागले की त्याच्यावर यापैकी एखादा शिक्का बसतोच. शिक्का मारणारे सगळे अडाणी असतात असेही नाही. डी.एड., बी.एड. झालेले शिक्षक, शिकलीसवरलेली नातलग मंडळी आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतात. आरोपीला बाजू मांडण्याची संधी न देता दिलेला निकाल कोर्टात टिकत नाही. या लेकरांच्या बाबतीत मात्र तो जन्मभर टिकतो, कारण ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्याला बोलताच येत नाही.

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम, परवापरवापर्यंत ज्याला मतिमंदत्व म्हटले जाई ती बौद्धिक अक्षमता, उशिरा बोलणे, अतिचंचलता, सेरेब्रल पाल्सी हे वाढीच्या वयात दिसून येणारे विकार आहेत. हरियाणातील पलवल, हिमाचलमधील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या जवळपास चार हजार मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अशा नऊ विकारांपैकी निदान एक विकार जवळपास आठ मुलांमागे एका मुलात आढळला. म्हणजे हा श्रीमंतांच्या घरचा किंवा परदेशातला आजार नाही. तो आपल्या चाळीत आहे, वीटभट्टीवर आहे, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणाऱ्या कोपीत आहे. तिथे त्याला नाव नाही, एवढेच.

मुळात प्रश्न असा आहे की, अशा मुलांना शाळेतून कशासाठी बाहेर काढले जाते? मूल शिकत नाही म्हणून सहसा कोणी आरडाओरड करत नाही. शेवटच्या बाकावर बसवून ठेवतात आणि विसरून जातात. पण तेच मूल एकदा चावले की मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक बसते. मुलाचा शाळेतला प्रवेश, आईची नोकरी, मोठ्या बहिणीचे शिक्षण, लग्नकार्यात त्या कुटुंबाला येणारे बोलावणे या सगळ्याचा फैसला विकारावर होत नाही, वर्तनावर होतो. म्हणून वर्तन हा बाजूचा प्रश्न नाही. ज्याचे वर्तन नीट समजून घेतले गेले त्याला पुढचे दार उघडते. ज्याचे समजून घेतले नाही त्याला खोलीत कोंडले जाते.

आता हे समजून घ्यायचे कसे? याचे एक शास्त्र आहे, आणि ते फार जुने नाही. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत अशा मुलांना थप्पड मारणे, तोंडावर पाणी उडवणे, विजेचे झटके देणे याला उपचार म्हटले जात होते. ऑटिझमच्या वर्तन-उपचारातले मोठे नाव असलेले इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या प्रयोगातही जोरात ‘नाही’ म्हणणे आणि मांडीवर चापटी मारणे होते. मुलाला शिक्षा झाली की वर्तन थांबते, हा त्यामागचा हिशोब. पण ते वर्तन मुळात होते कशासाठी, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. १९७७ साली एडवर्ड कार यांनी हा प्रश्न ठळकपणे मांडला आणि १९८२ साली ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांवर तो तपासून दाखवला. पद्धत साधी होती. मुलाला वेगवेगळ्या परिस्थितींत थोडा थोडा वेळ ठेवायचे. एकदा इजा केली की लगेच मोठ्यांनी जवळ जाऊन काळजी दाखवायची, एकदा अभ्यासाचे काम द्यायचे आणि इजा केली की काम थांबवायचे, एकदा एकटे ठेवायचे, एकदा नुसते खेळू द्यायचे. मग मोजायचे. एकाच प्रकारे डोके आपटणाऱ्या दोन मुलांची कारणे निराळी निघाली. १९९४ साली त्यांनी अशा १५२ रुग्णांचा हिशोब मांडला. सुमारे ३८ टक्के रुग्ण नको असलेल्या कामातून सुटण्यासाठी इजा करून घेत होते. सुमारे २६ टक्के लक्ष किंवा एखादी वस्तू मिळवण्यासाठी, आणि जवळपास तेवढेच त्या क्रियेतूनच शरीराला मिळणाऱ्या संवेदनेसाठी करत होते.

म्हणजे ज्याला आपण वेड म्हणतो, त्यात बहुतेक वेळा एक हिशोब असतो. ज्या लेकराला ‘आई, माझ्याकडे बघ’ असे म्हणता येत नाही, ते आई भांडी घासत असताना धाकट्याला ओरबाडते. आई हातातले टाकून धावत येते. ती रागावली, तरी आली ना! ज्याला ‘मला हे जमत नाही, थोडे थांबा’ म्हणता येत नाही, ते पाटी-पेन्सिल समोर आली की पाटी भिरकावते. बाई म्हणतात, जा, कोपऱ्यात बस. त्याला तेच हवे होते. बाईंना वाटते शिक्षा झाली, त्याच्या दृष्टीने सुटका झाली. ज्याला ‘बिस्कीट दे’ म्हणता येत नाही, ते दुकानासमोर लोळण घेते आणि चारचौघांत लाज नको म्हणून बाप पाच रुपयांचा पुडा घेऊन देतो. उद्या ते पुन्हा लोळणारच. आणि एखादे मूल कोणी जवळ असो वा नसो, हात चावत राहते, कारण त्या दाबाने त्याच्या शरीराला काहीतरी मिळते. या चारही लेकरांना एकच औषध देणे म्हणजे चार वेगवेगळ्या खटल्यांत एकच निकाल वाचून दाखवणे होय.

पण या चौघांच्याही आधी एक गोष्ट तपासली पाहिजे, आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते. लेकराला दुखते का? कानात पू, किडलेली दाढ, चार-चार दिवसांची बद्धकोष्ठता, जंत, पित्त, झोप न होणे, लक्षात न आलेली फिट. बोलू शकणारे मूल दाढ दुखते म्हणून रडते. न बोलणारे मूल त्याच बाजूच्या गालावर बुक्क्या मारून घेते. काल-परवापर्यंत शांत असलेले मूल अचानक डोके आपटायला लागले असेल, तर आधी डॉक्टरांनी त्याला कानापासून पोटापर्यंत तपासले पाहिजे. आईने तसा आग्रह धरावा. ऐकू येते की नाही याचीही तपासणी करून घ्यावी, कारण बहिऱ्या मुलाला हट्टी ठरवल्याची उदाहरणे काही कमी नाहीत. माती, चुना, रंगाचे पोपडे खाणाऱ्या मुलाचे रक्त तपासावे. दुखण्यावर वर्तनाचा उपचार करणे हा त्या लेकरावर दुहेरी अन्याय आहे.

यानंतर लागते ती एक वही आणि एक पेन. आम्हा वकिलांना पंचनाम्याची सवय असते. घटना कुठे घडली, किती वाजता, कोण हजर होते, आधी काय झाले, नंतर काय झाले. इथेही नेमके तेच लिहायचे. ‘आज फार त्रास दिला’ असे लिहायचे नाही, ते मत झाले. ‘सकाळी साडेदहा, नळाला पाणी आले, मी हंडा घेऊन उठले, त्याने दाराच्या चौकटीवर चार वेळा डोके आपटले, मी हंडा ठेवून त्याला उचलले’ असे लिहायचे, हा पुरावा झाला. दोन आठवडे अशी नोंद ठेवली की वही आपण होऊन बोलू लागते. आणि ज्या वेळी काहीच घडत नाही ती वेळही लिहावी. तिच्यात उपाय दडलेला असतो.

एका प्रकरणात ही वही मी जवळून पाहिली. साडेसहा वर्षांचा मुलगा, पहिलीत, २५ टक्के राखीव जागांतून एका खासगी शाळेत प्रवेश मिळालेला. आई चार घरी स्वयंपाक करते, वडील नाका कामगार. मुलगा शाळेतल्या मावशींना दोनदा चावला. इतर पालकांनी तक्रार केली आणि शाळेने आईच्या हातात दाखल्याचा अर्ज ठेवला, वर सल्लाही दिला की स्वतःहून काढून घ्या, म्हणजे दाखल्यावर वाईट शेरा येणार नाही. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. ती म्हणाली, “वकीलसाहेब, तो मलाबी चावतो. शाळेचं तरी काय चुकलं?” प्रामाणिक माणसाला आपली बाजू मांडणे किती अवघड जाते, ते अशा वेळी कळते.

नोटीस द्यायच्या आधी आम्ही वही घालायला सांगितली. घरची नोंद सातवीतल्या बहिणीने ठेवली आणि शाळेतली, कुरकुरत का होईना, वर्गशिक्षिकेने. तिसऱ्या आठवड्यात एका विशेष शिक्षिकेने दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या. शाळेतले बहुतेक सगळे प्रसंग परिपाठाच्या वेळचे आणि मधली सुट्टी संपण्याच्या घंटेचे होते. लाउडस्पीकर अगदी त्याच्या रांगेच्या डोक्यावर होता. तो कान झाकून रांगेबाहेर पळे, मावशी त्याला दंडाला धरून परत आणत आणि तो चावे. चावले की त्याला आत नेऊन बसवत. घरी चावण्याची वेळ निराळी होती. आई संध्याकाळी परत आल्यावर मोबाइल काढून घेई तेव्हा. एकच मुलगा, एकच दात, आणि कारणे दोन.

उपाय काय केला? परिपाठ संपल्यावर त्याला शाळेत सोडायचे ठरले. त्याच्या खिशात एक पुठ्ठ्याचे कार्ड दिले, त्यावर उघड्या पंजाचे चित्र, अर्थ ‘थांबा, मला बाहेर जायचे आहे’. त्याने कार्ड दाखवले की मावशींनी दंड न धरता त्याला व्हरांड्यात न्यायचे. सुरुवातीला तो दिवसातून वीस वेळा कार्ड दाखवू लागला आणि बाई वैतागल्या. साहजिक आहे, पण वीस वेळा कार्ड दाखवणे हे एकदा चावण्यापेक्षा बरे, हे त्यांना पटायला वेळ लागला. घरी मोबाइल काढून घेण्याआधी वाटीत पाच मणी ठेवून एकेक उचलायचे, शेवटचा मणी गेला की मोबाइल आईकडे आणि लगेच जेवण. चावणे पूर्ण थांबले का? नाही. कमी झाले, इतके की दाखल्याचा विषय मागे पडला. पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलल्या, कार्ड कुठेतरी हरवले आणि दोन महिने पुन्हा गोंधळ झाला. हे काम एकदा करून संपत नाही.

चावण्याऐवजी कार्ड, ओरडण्याऐवजी खूण, ही युक्ती त्या विशेष शिक्षिकेने शोधलेली नव्हती. कार आणि ड्युरँड यांनी १९८५ सालीच दाखवून दिले होते की, वर्तनातून मूल जे मागते तेच मागण्याचा दुसरा, सोपा आणि सर्वांना कळणारा मार्ग शिकवला की त्रासदायक वर्तन खाली येते. अट एकच. नवा मार्ग जुन्यापेक्षा लवकर आणि खात्रीने फळला पाहिजे. मुलाने कार्ड दाखवले आणि कोणी लक्षच दिले नाही, तर ते पुन्हा दातच वापरणार. यात त्याचा काय दोष?

दुसरी एक गोष्ट आयांना आधीच सांगितली पाहिजे. जे वर्तन आतापर्यंत फळत होते, ते फळणे बंद झाले की काही दिवस ते वाढते. पुडा मिळत नाही म्हटल्यावर लेकरू आधी अधिक जोरात लोळते. नेमके याच वेळी आजी विरघळते आणि पुडा देते. त्यातून लेकरू शिकते की जोर वाढवला पाहिजे. म्हणून घरातल्या सगळ्यांचे आधी एकमत हवे, नाहीतर सुरूच करू नये. आणि डोके आपटणे, डोळ्यात बोट घालणे अशा धोक्याच्या वर्तनाकडे ‘दुर्लक्ष करा’ असा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. तिथे आधी मुलाला वाचवायचे, उशी लावायची, हात मध्ये घालायचा आणि जाणकाराला गाठायचे.

गरिबाच्या घरी हे कोण करणार, असे विचारले जाते. थेरपीच्या एकेका सत्राला शेकड्यांनी रुपये मोजावे लागतात हे खरेच आहे. पण सगळे काही सत्रातच होते, हा समज खोटा आहे. अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ३ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या पालकांना ऑटिझमबद्दल नुसती माहिती दिली, निम्म्यांना वर्तन कसे हाताळायचे याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले. २४ आठवड्यांनंतर पालकांनी नोंदवलेला मुलांचा चिडचिडेपणा प्रशिक्षणाच्या गटात सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला होता, माहितीच्या गटात सुमारे ३२ टक्क्यांनी. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१६ साली, गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे तर तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते आईबापांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवत होते, आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. गोव्यात जमते ते सिंधुदुर्गात, लातूरला, भंडाऱ्याला का जमू नये? आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मान्य. मग त्यांना त्या कामाचे वेगळे मानधन द्या. फुकटात कोणाच्याही डोक्यावर आणखी एक रजिस्टर लादू नका.

औषधांबद्दल दोन शब्द. रिस्पेरिडोन नावाची गोळी या मुलांना पुष्कळ दिली जाते. २००२ सालच्या अभ्यासात १०१ मुलांपैकी गोळी घेणाऱ्यांत ६९ टक्क्यांना चांगला फरक पडला, खोटी गोळी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांना. २००६ साली अमेरिकेत ५ ते १६ वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या तीव्र चिडचिडेपणासाठी तिला मान्यता मिळाली. पण त्याच अभ्यासात आठ आठवड्यांत मुलांचे वजन सरासरी २.७ किलोने वाढले होते. ही गोळी ऑटिझम बरा करत नाही, बोलायला शिकवत नाही. ज्या आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सुरू केली तिला दोष देण्याचे कारण नाही आणि तिने मनाने ती बंदही करू नये. हरकत आहे ती दुसऱ्या गोष्टीला. तीन वर्षांच्या लेकराची वही न बघता, कान न तपासता, केसपेपरवर थेट गोळी लिहून ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणे हा उपचार नव्हे.

आणखी एक मुद्दा, जो या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनाही फार उशिरा ऐकावा लागला, आणि तो ऐकवला स्वतः ऑटिझम असलेल्या, मोठ्या झालेल्या माणसांनी. ‘समस्या’ ठरवतो कोण? मूल आनंदात हात फडफडवते, गोल फिरते, डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही. यात कोणाला इजा होते? केवळ बघणाऱ्याला खुपते म्हणून ते थांबवायचे, तासन्तास ‘हात खाली, नीट बस’ म्हणत मुलाला घासायचे, हा उपचार नसून वळण लावण्याच्या नावाखाली चाललेली जबरदस्ती आहे. कोणाचे चालणे, बोलणे, बसणे ‘सभ्य’ आणि कोणाचे ‘असभ्य’ हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा अनुभव या दैनिकाच्या वाचकांना नवा नाही. माझ्या मते कसोटी दोनच असाव्यात. त्या वर्तनाने त्याला किंवा दुसऱ्याला इजा होते का, आणि त्यामुळे त्याचे शिकणे-जगणे अडते का? दोन्हीचे उत्तर ‘नाही’ असेल तर लेकराला फडफडू द्यावे.

शिक्षेची गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील जज रोटेनबर्ग सेंटर या संस्थेत विकलांग मुलामाणसांच्या अंगाला यंत्र बांधून वर्तनासाठी विजेचे झटके दिले जात. तिथल्या औषध प्रशासनाने २०२० साली त्या यंत्रावर बंदी घातली. पालकांचा एक गट आणि संस्था कोर्टात गेली व २०२१ साली बंदी रद्द झाली. मग २०२२ अखेरीस कायदा बदलावा लागला आणि २०२४ साली बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडावा लागला. इतक्या पुढारलेल्या देशात ही अवस्था!

आपल्याकडे यंत्र नाही, मिरचीची धुरी आहे. भगताकडे नेऊन लेकराला बांधणे, झोडपणे, धुरी देणे हे सगळे २०१३ च्या महाराष्ट्र जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. याच अनुसूचीत मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे त्याला भूत म्हणून मारायचेही नाही आणि देव म्हणून बसवायचेही नाही. मागच्या जन्माचे पाप म्हणून आईला टोचून बोलण्याला मात्र कायद्यात कलम नाही. ते आपले आपणच बंद केले पाहिजे.

शाळेतल्या माराचे काय? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नाही. २०१२ च्या दुरुस्तीने विकलांग मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांबरोबरच, वंचित गटात घातले आहे. तीव्र विकलांगता असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय त्याच कायद्यात आहे, पण तो मुलाचा हक्क आहे. शाळेने ‘याला घरीच शिकवा’ म्हणून बोट दाखवण्याची ती पळवाट नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम ९२ वाचताना अॅट्रॉसिटी कायदा जाणणाऱ्याला शब्द ओळखीचे वाटतील. लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी, अपमानित करण्याच्या हेतूने, जाणीवपूर्वक अपमान करणे किंवा धाक घालणे. १९८९ च्या कायद्याच्या कलम ३ मधलीच ही भाषा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. याच कलमात, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून त्याला अन्न किंवा पाणी नाकारणे हाही गुन्हा आहे. तेव्हा ‘चावलास ना, आज डबा नाही’ ही शिक्षा देणाऱ्या संस्थेने हे कलम वाचून ठेवावे. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नसले तरी हे कलम लागू होऊ शकते, कारण त्यात टक्केवारीची अट नाही. बचावात ‘मुलाच्या भल्यासाठीच मारले’ असे म्हटले जाते. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृत्याला जुन्या दंडविधानाच्या कलम ८९ चे संरक्षण होते, ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आले आहे. पण ज्याला शिक्षण हक्क कायद्याने स्पष्ट मनाई केली, त्याला शाळेने सद्भावना कशी म्हणावी?

कायद्यात एक मोठी फट मात्र आहे. शिक्षण हक्क कायद्यातले मूल ६ ते १४ वर्षांचे. दिव्यांग कायद्याच्या कलम ३१ चे मोफत शिक्षण ६ ते १८ वर्षांचे. वर्तनावरच्या कामाचे सर्वांत चांगले फळ मिळण्याचे वय दोन ते सहा. म्हणजे ज्या वयात लेकराला सर्वाधिक गरज, त्याच वयात खासगी बालवाडी त्याला सहज बाहेर काढू शकते. ही फट भरण्यासाठी ना मोर्चा निघाला, ना विधिमंडळात गदारोळ झाला.

सरकारी योजना कागदावर चांगल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायची आहे, विकासातला विलंब आणि ऑटिझम धरून. पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे आहे. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती २०२३ साली आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक असे ठरवून दिले. आणि वर्तन मोजायचे साधन तर सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ सालीच तयार केले होते. त्याच्या दुसऱ्या भागात हिंसक वर्तन, स्वतःला इजा, आदळआपट, भीती अशा दहा गटांत ७५ प्रकारची वर्तने आहेत आणि प्रत्येकापुढे शून्य, एक किंवा दोन एवढेच गुण भरायचे आहेत. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांच्या कपाटात ते आहे, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते.

ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी अंगणवाडीत तपासणीचे पथक कधी येणार ती तारीख सेविकाताईंकडून लिहून घ्यावी आणि वही घेऊनच हजर राहावे. पथकाने पुढे पाठवले तर चिठ्ठीवर पाठवण्याचे कारण लिहून मागावे, नुसते ‘सिव्हिलला जा’ नको. शाळा तोंडी काढून टाकत असेल तर ‘लेखी द्या’ म्हणावे आणि दाखल्याच्या कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा देऊ नये. तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी, तिथे दाद नाही मिळाली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जासोबत वहीच्या झेरॉक्स जोडाव्यात, मूळ वही कोणालाही देऊ नये. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.